फड टिकला तो कुणाच्या बळावर?

पन्नास वर्षं एकाच नावानं गाणारा बँड ही रशियात अभिमानाची गोष्ट आहे. बोरिस ग्रेबेन्शिकोव यांचा ‘अक्वेरियम’ १९७२चा, तर आंद्रेई मकारेविच यांचा ‘माशिना व्रेमेनी’ त्याहून जुना, १९६९चा. आपल्याकडे असं काय, याचं उत्तर शहरी बँडांत शोधायची गरज नाही. भाऊ-बापू नारायणगावकर, मग विठाबाई, त्यांच्या कन्या मंगला बनसोडे, नातू नितीनकुमार अशा चार पिढ्या एका घरातून तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिल्या. तमाशाचा फड हाच आपला दीर्घायुषी बँड आहे. आणि तो सरकारी मदतीपेक्षा, शहरी कौतुकापेक्षा जत्रेच्या गावांनी टिकवला, असं माझं म्हणणं आहे.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारसारख्या तालुक्याकडं पाहिलं की हे पटतं. इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडला की घरी येतात. फडांचा हंगामही दसऱ्याला सुरू होऊन चैत्रातल्या जत्रांत भरात येतो. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथं जाऊन तारीख धरतात, घासाघीस करून सुपारीचा आकडा ठरवतात, इसार देतात. मग जत्रेच्या रात्री ढोलकी-तुणतुण्यावर गण होतो, गवळणीत मावशी येते, बतावणी आणि रंगबाजी उरकून वग लागतो. टोळी मुकादमाकडून उचल घेते, तशीच कलावंतही फडमालकाकडून घेतो. म्हणून वगातलं सावकाराचं कर्ज समोर बसलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. बोर्डावरचा आणि बोर्डासमोरचा, दोघंही तेच फेडत असतात.

रंगबाजीत हिंदी गाणी शिरली, ढोलकीशेजारी कीबोर्ड अन् ऑक्टोपॅड आला, मग हा तमाशा राहिला कुठं, असा आक्षेप असतो. पण उसनवारीनं कला मरत नाही. मकारेविच यांच्या मंडळींनीही बीटल्सच्या वेडातून इंग्रजी गाण्यांनीच सुरुवात केली होती. पुढं ते स्वतःच्या भाषेत स्वतःचं बोलू लागले. कसोटी वाद्यांची नाही, वगाची आहे. वगाला वेळ आणि नवा लेखक मिळतो तोवर फडाला स्वतःचं म्हणणं आहे. रंगबाजीनं सगळी रात्र खाल्ली, तर मात्र आक्षेप खरा ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. रशियन बँडांनी राजसत्तेचा जाच सोसला, त्यांची गाणी टेपवरून टेपवर उतरवत हातोहात फिरली. फडांना तसं काय सोसावं लागलं? सत्तेचा हात इथंही पडला: स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, ती उठल्यावरही संहिता तपासून घ्यावी लागे. पण त्याहून जुना जाच जातीचा. मांग, महार, कोल्हाटी घरांतल्या कलावंतांची कला गावानं रात्रभर पाहिली आणि दिवसा मान नाकारला. राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. ही तुलना ताणलेली नाही. उलट फडाचं टिकणं अधिक अवघड होतं. कोरोनात जत्रा बंद पडल्या आणि फड उघड्यावर आले, तेव्हा त्यांचा पोशिंदा कोण हे लख्ख दिसलं. ज्या गावांनी फड जगवला, त्यांनीच आता सुपारी ठरवताना कलावंताच्या रोजाची, मुक्कामाची आणि सन्मानाची अट घालावी. सरकारनं वृद्ध कलावंतांचं मानधन वेळेवर द्यावं, जुने वग ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. नुसत्या गौरवाच्या शालीनं फड जगत नाही.