मुलूख वसवला, पण जमीन नावावर राहिली नाही

अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात अडीचशे वर्षांपूर्वी दाट अरण्य होते. शॉनी, चेरोकी वगैरे तिथल्या मूळ लोकांची ती शिकारीची भूमी. त्या अरण्यात गोऱ्या शेतकऱ्यांना ज्याने नेले, तो डॅनियल बून. १७३४ साली पेन्सिल्वेनियात एका विणकराच्या घरी जन्मला. शाळा बेताचीच, बंदूक मात्र लहानपणीच हाती आली.

१७७५ साली एका जमीन कंपनीच्या वतीने त्याने तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन कंबरलँड खिंडीतून वाट तोडली आणि नदीकाठी लाकडी कोट उभारला. त्याचे नाव बून्सबरो. सरकारी फौज तिथून फार लांब. म्हणून घरोघरच्या धडधाकट माणसांनी आपापली बंदूक घेऊन पहाऱ्याला उभे राहायचे. या शेतकऱ्यांच्या पथकाला मिलिशिया म्हणत. बून त्यांचा म्होरक्या झाला.

१७७८ च्या फेब्रुवारीत खारट झऱ्याचे पाणी आटवून मीठ करणाऱ्या त्याच्या माणसांना शॉनींनी घेरले. कोटात बायका-मुले होती आणि तटबंदी अपुरी होती. शॉनी कोटाकडे वळू नयेत म्हणून बूनने माणसांना शस्त्रे खाली ठेवायला लावली. शॉनींचा नायक ब्लॅकफिश याने तर त्याला मुलगाच मानले. जूनमध्ये हल्ल्याची तयारी दिसताच बून पळाला आणि सुमारे १६० मैल तुडवून कोटात आला. तोवर त्याची बायको रिबेका, नवरा मेला असे समजून, मुले घेऊन माहेरच्या मुलखाला गेली होती! सप्टेंबरात कोटाला वेढा पडला. दहाएक दिवस कोट झुंजला, आणि वाचला. मग आपल्याच लोकांनी बूनवर फितुरीचा खटला भरला. तो निर्दोष सुटला आणि त्याला मेजर केले. पुढे १७८२ साली ब्लू लिक्सच्या लढाईत, घाई करू नका असे तो सांगत असताना कोणी ऐकले नाही. तिथे त्याचा मुलगा इझ्रायल त्याच्या डोळ्यांदेखत पडला.

पण या माणसाला खरा घाव घातला तो कागदाने. तिथे आधी सरकारी मोजणी झालीच नव्हती. सरकारकडून परवाना विकत घ्यायचा, पसंत पडेल तो तुकडा दाखवायचा, तो नोंदवायचा, मोजून घ्यायचा आणि मग पट्टा मिळवायचा. हद्दीची खूण म्हणजे एखादे झाड, नाहीतर ओढ्याचे वळण. एकाच शेतावर तिघाचौघांच्या मोजण्या चढल्या. बांधावरून भांडण आपल्याला नवे नाही, पण तिथे तर बांधच नव्हता. बून स्वतः मोजणी करी, पण कचेरीच्या कामात ढिला. १७८० साली परवाने आणायला लोकांनी विश्वासाने दिलेली मोठी रक्कम वाटेत मुक्कामी चोरीला गेली. शिवाय दावे, वकील, देणी. हजारो एकरांवरचे हक्क एकेक करून गेले. केंटकीने एका जिल्ह्याला त्याचे नाव दिले, त्याच सुमारास त्याच्यावर कोर्टाचे वॉरंट निघालेले होते.

१७९९ साली, पासष्टीच्या घरात, तो मिसूरीत गेला. तिथे स्पेनचा अंमल. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी सुमारे ८५० एकर जमीन दिली, पण तिच्यावर पक्की मंजुरी त्याने आणली नाही. १८०३ साली तो मुलूख अमेरिकेने विकत घेतला आणि नव्या सरकारने त्याचा दावा नामंजूर केला. १८१३ साली रिबेका वारली. १८१४ साली अमेरिकी संसदेने ती जमीन त्याला परत दिली. केंटकीतल्या देणेकऱ्यांना भागवायला बूनने तीही बहुतेक विकली. २६ सप्टेंबर १८२० रोजी, मिसूरीत मुलाच्या दगडी घरात, त्याने डोळे मिटले.