कोळंबीच्या तळ्यातील घातक जीवाणू कसा ओळखतात? जनुकीय क्रमनिर्धारणाने दिले उत्तर

मुंबई : पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाडीकाठी निमखाऱ्या पाण्यात कोळंबी संवर्धन करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी बीज सोडल्यानंतरचा पहिला महिना निर्णायक असतो. ‘अर्ली मॉर्टॅलिटी सिंड्रोम’ अर्थात ‘ईएमएस’ हा रोग साधारणतः याच काळात कोळंबीला ग्रासतो. त्यात कोळंबीचे यकृत-स्वादुपिंड फिकट पडून आक्रसते आणि काही दिवसांत संपूर्ण तळे रिकामे होऊ शकते.

चीनमध्ये २००९ च्या सुमारास दिसलेला हा रोग पुढे व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड आणि मेक्सिकोपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे डोनाल्ड लाइटनर यांच्या चमूने २०१३ मध्ये त्याचे कारण शोधले. ‘व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस’ हा तो जीवाणू. मात्र हा जीवाणू किनारी पाण्यात सर्वत्र आढळतो आणि त्याचे बहुतांश प्रकार कोळंबीला हा रोग जडवीत नाहीत. मग मोजकेच प्रकार घातक का ठरतात, हा प्रश्न उरला.

जपानी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये या जीवाणूच्या एका प्रकाराचा संपूर्ण जनुकसंच वाचला होता. दोन गुणसूत्रांत मिळून सुमारे ५२ लाख अक्षरांचा हा मजकूर आहे. रोगकारक आणि निरुपद्रवी प्रकारांचे जनुकसंच शेजारी ठेवल्यावर फरक स्पष्ट झाला. रोगकारक प्रकारांत सुमारे ७० हजार अक्षरांचे एक वर्तुळाकार प्लास्मिड अतिरिक्त होते. त्यावरील ‘पिर-ए’ आणि ‘पिर-बी’ ही दोन जनुके कोळंबीच्या यकृत-स्वादुपिंडाच्या पेशी नष्ट करणारे विष तयार करतात.

प्लास्मिड एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते. त्यामुळेच व्हिब्रिओच्या इतर जातींतही ही विषजनुके सापडली आहेत. उलट, काही जीवाणूंत प्लास्मिड असते, पण त्यावरील विषजनुके गळालेली असतात. प्लास्मिडचा इतर भाग शोधणाऱ्या सुरुवातीच्या पीसीआर चाचण्या अशा निरुपद्रवी जीवाणूंनाही रोगकारक ठरवीत. त्यानंतर थेट विषजनुकांवर बेतलेल्या चाचण्या विकसित झाल्या. बीज तळ्यात सोडण्यापूर्वीच तपासणे त्यामुळे अधिक विश्वासार्ह झाले.

जनुकीय क्रमनिर्धारणातून प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकेही ओळखता येतात. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानसारख्या प्रतिजैविकांच्या वापरास भारतात कोळंबी संवर्धनात मनाई आहे. त्यांचे अंश आढळल्यास परदेशी बाजारपेठा माल नाकारतात. विषाचा साचाच प्लास्मिडवर फिरत असल्याने औषधापेक्षा प्रतिबंध महत्त्वाचा ठरतो.

देशात जलचरांच्या रोगांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. चेन्नईतील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्था कोळंबीच्या रोगांवर संशोधन करते, तर मुंबईतील वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

तथापि, क्रमनिर्धारण हे निदानाचे साधन आहे, उपचार नव्हे. तपासलेले बीज, तळ्याच्या तळाची स्वच्छता, बीजाची माफक घनता आणि मोजके खाद्य यांवरच शेतकऱ्याचे पीक अवलंबून राहते.