एकटी होडी आणि काळ्या दरीतली रात्र

ढाणकीच्या बाजारात कोणी म्हणाले, "एक माणूस मावेल एवढी होडी घेऊन मी पैनगंगेत उतरतो, रात्र कपारीत काढतो आणि उद्या परततो," तर ऐकणारे त्याला वेड्यात काढतील. त्यात त्यांचे काही चुकणारही नाही. उमरखेड तालुक्यातील या गावापलीकडे बंदी भागाचे सागवानी रान लागते आणि त्या रानाच्या कडेने पैनगंगा वाहते. अशा जागी रात्री जायचे ते गरजेपोटी. जाळे लावून पहाटे ते ओढणारा भोई नदीवर एकटाच असतो. पण त्याला कोणी साहसी म्हणत नाही, आणि तोही स्वतःला तसा समजत नाही.

परंतु हौसेने अशी रात्र काढणारी माणसेही जगात आहेत. त्यांची आवडती नाव म्हणजे कयाक. ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांनी सील प्राण्यांच्या शिकारीसाठी कातडे ताणून ही अरुंद होडी घडवली. आज ती थेट वाळवंटात जाऊन पोहोचली आहे! अमेरिकेत हूव्हर धरणाच्या पायथ्यापासून कोलोरॅडो नदी 'ब्लॅक कॅनियन' नावाच्या दरीतून वाहते. धरणापासून विलो बीचपर्यंतचा टप्पा अवघा सुमारे १९ किलोमीटरांचा. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये हिरवे पाणी आणि काठाला थोडी वाळू. एका रात्रीच्या मुक्कामाला याहून सोयीची दरी कोणती?

सोयीची खरी, पण भोळी नव्हे. उन्हाळ्यात तेथील हवा ४५ अंशांच्या घरात जाते, आणि पाणी मात्र धरणाच्या खोल थरातून येत असल्यामुळे सुमारे १२ अंशांचे असते. उन्हाने भाजलेला माणूस होडी उलटून त्यात पडला, तर एकदम दम कोंडतो आणि थोड्याच वेळात हातपाय आखडतात. चांगल्या पोहणाऱ्याचीही तेथे खात्री नाही. म्हणून तरंगते जाकीट अंगातून काढायचे नाही. कड्यांतून गरम पाण्याचे झरे फुटतात. त्यांत बसावे, पण डोके बुडवू नये, कारण नाकावाटे मेंदूत शिरणारा एक घातक जंतू अशा पाण्यात असू शकतो.

या नदीचा एकांडा शिलेदार म्हणजे बझ होल्मस्ट्रॉम. ऑरेगॉन राज्यातील एका लहान गावी पेट्रोलपंपावर काम करणारा हा तरुण. लाकडाची होडी त्याने स्वतःच्या हाताने बांधली आणि १९३७ च्या ऑक्टोबरात वायोमिंगमधून ग्रीन नदीत सोडली. पुढे कोलोरॅडो, ग्रँड कॅनियन आणि नोव्हेंबरअखेर हूव्हर धरणाची भिंत! हजार मैलांहून अधिक प्रवास, सोबतीला कोणी नाही. त्याची बहादुरी केवळ उड्या घेण्यात नव्हती. प्रत्येक खळाळापाशी तो आधी काठाला लागे, चालत जाऊन खडक पाही, आणि पाणी फार वाईट दिसले तर होडी काठाने ओढून नेई. पाच ठिकाणी त्याने तसे केले. एकट्या माणसाला दुसरी संधी देणारा कोणी जवळ नसतो, हे तो ओळखून होता.

होल्मस्ट्रॉमच्या वेळची नदी मात्र आता राहिली नाही. १९६३ साली वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे मिटले. तेव्हापासून ग्रँड कॅनियनमधले पाणी विजेच्या मागणीप्रमाणे रोज चढते-उतरते. संध्याकाळी वाळूवर ओढलेली होडी पहाटे पाण्यावर तरंगताना सापडायची! म्हणून तेथे होडी उंचावर ओढून बांधतात आणि अंथरूण त्याहून वर घालतात. वाळवंटात पाऊस दूर कोठे तरी पडतो आणि लोंढा कोरड्या घळीतून येतो. घळीच्या तोंडाशी झोपणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. पिण्याचे पाणी माणशी रोज निदान चार लिटर बरोबर हवे. दुपारी दरीत समोरून वारा सुटतो, म्हणून वल्हवणे सकाळीच उरकावे.

आता आपल्या पैनगंगेकडे वळू. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी एकेकाळी वऱ्हाड आणि निजामाच्या राज्याची सीमा होती. सहस्रकुंडापाशी काळ्या कातळाच्या अनेक फटींतून ती धडाडत खाली कोसळते. हा कातळ दख्खनच्या लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेथे होडी हाकणे हा विचारही नको. धबधब्याच्या वरचे संथ पाणीच अधिक फसवे. याही नदीवर वर इसापूरचे धरण आहे. पावसाळ्यात तेथून पाणी सोडले की काठच्या गावांना सावध करतात. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. पात्र आटते, नुसते डोह उरतात, आणि तीच गावे पाणी सोडा म्हणून मागणी करतात. हौशी माणसाला एका रात्रीपुरते पाणी हवे. गावाला ते माणसांच्या आणि गुरांच्या तहानेसाठी हवे. नदीत उतरणाऱ्याने हा फरक विसरू नये.

शिवाय पैनगंगेच्या काठचे बरेचसे रान अभयारण्यात मोडते. वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे पाऊल टाकता येत नाही, मग मुक्कामाची गोष्टच दूर. हा नियम जाचक वाटला, तरी रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांचा हक्क माणसाच्या हौसेहून जुना आहे.

तरीही ज्याला जायचेच आहे त्याने परवानगी असलेल्या पाण्यावर, पाऊस सरल्यावर जावे. कोठे उतरणार, कोठे मुक्काम करणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे कागदावर लिहून घरी ठेवावे. वेळ टळली तर कोणाला कळवायचे, तेही त्यावर लिहावे. आणि निघण्यापूर्वी काठच्या एखाद्या भोयाला नदीची चौकशी करावी. आजचे पाणी कसे आहे, ते त्याच्याइतके कोणत्याही नकाशाला ठाऊक नसते.