गुणपत्रिकेबाहेरचे गुण

मराठीत ‘गुण’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. परीक्षेत मिळतात ते गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. पहिल्यांची नोंद ठेवण्यासाठी मोठी यंत्रणा आहे. दुसऱ्यांविषयी मात्र ‘मुलगा गुणी आहे’ एवढे बोलून आपण थांबतो. या दुसऱ्या गुणांचा विद्यार्थ्याच्या सुखसमाधानाशी काही संबंध असतो काय, या प्रश्नाचा परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी पाहावयाचे तर भोपाळला जावे. मी तेथे हबीबगंज भागात मुक्कामाला होतो. तेथील रेल्वे स्थानकाला २०२१ साली राणी कमलापतीचे नाव दिले गेले. वस्तीला लोक हबीबगंजच म्हणतात. जवळच शिवाजीनगरात मध्य प्रदेशाच्या माध्यमिक शिक्षण मंडळाची कचेरी आहे. दहावी-बारावीच्या लाखो मुलामुलींच्या गुणपत्रिकांचा कारभार तिचा. याच राजधानीत २०१६ साली शासनाने ‘आनंद विभाग’ काढला. असे खाते निर्माण करणारे ते भारतातील पहिले राज्य. त्याच्या ‘अल्पविराम’ या कार्यक्रमात माणसाने थोडा वेळ शांत बसून स्वतःच्या मनाचा कानोसा घ्यावा, अशी अपेक्षा असते. आनंद आणि सरकारी खाते ही जोडी ऐकून हसू येईल; परंतु मुळातील प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

पूर्वी मानसशास्त्र चारित्र्याच्या वाटेला फारसे जात नसे. चारित्र्य म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे नैतिक मूल्यमापन, तो शास्त्राचा विषय नव्हे, अशी गॉर्डन ऑलपोर्ट यांची भूमिका होती. २००४ साली ख्रिस्तोफर पीटरसन व मार्टिन सेलिग्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही कोंडी फोडली. निरनिराळ्या धर्मांतील व संस्कृतींतील विचार तपासून त्यांनी चोवीस गुणांची यादी केली आणि त्यांचे सहा गट पाडले: शहाणपण, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम आणि स्वतःपलीकडे पाहण्याची वृत्ती. पुढे दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी सुमारे दोनशे विधानांची प्रश्नावली तयार झाली. तीत कोणी नापास होत नाही. आपले कोणते गुण अधिक बळकट आहेत, एवढेच ती दाखविते.

त्याच वर्षी नॅन्सूक पार्क, पीटरसन व सेलिग्मन यांनी मोठ्या माणसांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. जीवनातील समाधानाशी सर्वांत निकटचे नाते आढळले ते आशा, उत्साह, कृतज्ञता, प्रेम आणि जिज्ञासा यांचे. विद्येची आवड, चिकित्सक बुद्धी व विनय यांचे नाते त्या मानाने क्षीण निघाले. मुलांच्या पाहणीतही आशा, उत्साह, कृतज्ञता व प्रेम हे गुण पुढे आले. शालेय यशाशी मात्र चिकाटीचा संबंध ठळक दिसतो. म्हणजे गुणपत्रिका चांगली करणारे गुण आणि जगणे समाधानाचे करणारे गुण यांच्या याद्या तंतोतंत जुळत नाहीत.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्राच्या शाळांतील मूल्यशिक्षणात श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता अशी दहा मूल्ये आहेत. सारी आवश्यकच. परंतु त्या दहांत आशेचे नाव नाही, कृतज्ञतेचेही नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, संबंध म्हणजे कारण नव्हे. आशावादी मूल समाधानी होते, तसेच समाधानी घरातील मूल आशावादी होते. म्हणून दुःखी विद्यार्थ्याला ‘तुझ्यात गुणांची उणीव आहे’ असे सांगणे हा अन्यायच होय. २-३ डिसेंबर १९८४ ची विषारी रात्र पाहिलेल्या भोपाळात तरी हे वेगळे सांगावयास नको. मुलाचे सुख त्याच्या स्वभावाइतकेच हवा, पाणी, अन्न आणि घरची मिळकत यांवरही अवलंबून असते.

दुसरी गोष्ट भाषेची. फिलिपाईन्समध्ये १९७० च्या दशकात व्हर्जिलिओ एन्रिकेझ यांनी आपल्या लोकांचे मानसशास्त्र त्यांच्याच भाषेतून मांडण्याचा आग्रह धरला. त्यांनी ‘कपवा’ हा शब्द मध्यभागी ठेवला. त्यात ‘दुसरा’ हा परका नसतो. तो आणि मी मिळून एक असतो. मराठीतील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ मात्र त्याला आत घेते. तेथील वा येथील शाळकरी मुलाला केवळ परभाषेतील प्रश्नावली देऊन त्याचे हे ‘आपण’पण हाती लागणार नाही.

विद्यार्थिमित्रांनो, २००५ साली सेलिग्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. स्वतःचा एखादा बळकट गुण आठवडाभर रोज नव्या रीतीने वापरावयाचा, एवढेच काम लोकांना दिले. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. याला ना शुल्क लागते ना क्रमिक पुस्तक. आणि प्राध्यापक बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच की, पेपर तपासताना जसे आपण अर्धा गुणही शोधून देतो, तसाच वर्गातील शेवटच्या बाकावरचा एखादा गुण शोधावा आणि तो त्या मुलाला नाव घेऊन सांगावा. पुष्कळदा तो त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.