पोलंडमधील औद्योगिक क्षेत्रे : सीमा आणि सवलत

१९८९ नंतर समाजवादी अर्थव्यवस्थेचा त्याग करणाऱ्या देशांपुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला. तेथील कित्येक शहरे एकेका सरकारी कारखान्याच्या आधाराने वाढलेली होती. कारखाना खचला की शहराचा निर्वाहच खुंटे. अशा ठिकाणी नवे उद्योग कसे आणावेत, आणि त्यांना द्यावयाची सवलत कोणत्या नियमांनी बांधावी, या दृष्टीने पोलंडचे उदाहरण बोधप्रद आहे.

आग्नेय पोलंडमधील म्येलेत्स हे शहर विमानांच्या कारखान्यावर पोसलेले होते. १९६० पासून तेथे एएन-२ जातीची विमाने तयार होत व त्यांचा प्रमुख ग्राहक सोव्हिएट संघ असे. ती मागणी ओसरताच कारखाना डबघाईस आला. २० ऑक्टोबर १९९४ रोजी पोलंडने विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा संमत केला आणि १९९५ मध्ये पहिले क्षेत्र म्येलेत्स येथेच स्थापन झाले. परवानाधारक उद्योगास पहिली दहा वर्षे उत्पन्नावरील कर संपूर्ण माफ असे, त्यापुढील काळात निम्मा. १९९६ मध्ये कोळसा व पोलाद यांवर अवलंबून असलेल्या कातोवित्से परिसरातही असे क्षेत्र निर्माण झाले; त्यातील ग्लिवित्से येथे १९९८ मध्ये ओपेल मोटारींचे उत्पादन सुरू झाले. अखेर क्षेत्रांची संख्या चौदावर स्थिरावली.

येथे दोन संज्ञांमधील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. ‘क्षेत्र’ ही करसवलतीची सीमा होय. ती शासन आखते. ‘औद्योगिक पार्क’ ही संज्ञा २० मार्च १९७२ नव्हे, तर २० मार्च २००२ च्या कायद्याने निश्चित झाली. पुनर्रचना होत असलेल्या अथवा बंद पडलेल्या उद्योगाची तांत्रिक साधनसामग्री जेथे उरली आहे, अशी किमान एक मिळकत त्यात असावी आणि स्थानिक स्वराज्य संस्था करारात सहभागी असावी, अशी अट त्या व्याख्येत होती. म्हणजे जुन्या कारखान्याचे अवशेष हेच पार्कचे लक्षण ठरले.

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात प्रविष्ट झाला. सरकारी साहाय्यामुळे स्पर्धेत विषमता येऊ नये, हा संघाचा दंडक. त्यानुसार १९९९ अखेरपर्यंत परवाना मिळालेल्या मोठ्या उद्योगांची सवलत गुंतवणूक-खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, २००० साली परवाना मिळालेल्यांची ५० टक्क्यांपर्यंत व मोटार-उद्योगाची ३० टक्क्यांपर्यंत सीमित झाली. करमाफीचे माप काळाऐवजी खर्च हे झाले.

परंतु सीमेचा प्रश्न सुटला नाही. क्षेत्रांचे तुकडे मूळ संकटग्रस्त शहरांपासून दूर, गुंतवणूकदाराच्या सोयीच्या जागीही पडू लागले. एकूण क्षेत्रफळाची कायदेशीर मर्यादा २०,००० व पुढे २५,००० हेक्टरांपर्यंत वाढविण्यात आली. सीमा उद्योगामागे धावू लागली, तेव्हा तिचे प्रयोजनच क्षीण झाले.

१० मे २०१८ च्या कायद्याने नव्या गुंतवणुकीपुरती ही सीमा पुसली. सवलत देशात कोठेही मिळू शकते; मात्र किमान गुंतवणुकीची अट त्या जिल्ह्यातील बेकारीच्या प्रमाणावर अवलंबून असते. बेकारी अधिक, तर अट सौम्य. जुन्या परवान्यांची मुदत २०२६ अखेरपर्यंत ठेवण्यात आली. नकाशावरील रेषेने जे साधावयाचे होते, ते आता बेकारीच्या मापाने साधण्याचा हा प्रयत्न होय. संकटात सापडलेल्या शहरास त्याचा लाभ पोहोचतो की नाही, हीच या व्यवस्थेची खरी कसोटी.