तरुण पोरं क्रिप्टोकडे का वळतात? आणि धंद्याच्या पैशाचं काय?



पोलादपूरच्या बॅचमध्ये एका मुलाने उभं राहून विचारलं, "ताई, वडापावच्या गाडीसाठी पन्नास हजार जमवलेत. गाडी दिवाळीनंतर टाकायची आहे. तोवर पैसे क्रिप्टोमध्ये ठेवू का? माझ्या मित्राचे डबल झाले." व्हिडिओत मी याचं उत्तर दोन मिनिटांत दिलं. ते अपुरं होतं, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी माझं सांगते. जुलै 2021 च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतलं माझं दुकान पाण्यात गेलं. कटलरी, स्टेशनरी, सगळा माल चिखलात. नोव्हेंबरमध्ये मी खेळत्या भांडवलातले 60 हजार बिटकॉइनमध्ये टाकले. वाटलं, नुकसान लवकर भरून निघेल. तेव्हा एक बिटकॉइन 69 हजार डॉलरच्या आसपास जाऊन आला होता. पुढच्या जुलैत गणपतीचा माल भरायची वेळ आली, तेव्हा भाव 20 हजार डॉलरच्या आसपास. माझ्या हातात जेमतेम वीस हजार रुपये आले. त्या सीझनला माल उधारीवर उचलला. बीबीए केलेली बाई मी, तरी असं झालं. का झालं?

पोरांना ओढणाऱ्या गोष्टी

1. मित्र. सगळ्यात मोठं कारण हेच. नवीन गोष्ट आपण माहितीपत्रक वाचून घेत नाही, ओळखीच्या माणसाने घेतली म्हणून घेतो. मुंबईला कामाला असलेला भाऊ गणपतीला गावी येतो, मोबाईलवर नफा दाखवतो. तोटा कोणी दाखवत नाही.

2. सोपेपणा. जमीन घ्यायला लाखो लागतात, सोनं घ्यायला हजारो. इथे शंभर रुपयांतही सुरुवात होते. आधार, पॅन, बँक खातं जोडलं की झालं. यूपीआयची सवय असलेल्या पोराला यात काहीच अवघड वाटत नाही. पण घेणं सोपं आहे म्हणून ती गोष्ट समजलीच असं नाही.

3. जाहिरात आणि मागे राहायची भीती. 2021 मध्ये क्रिकेटच्या सामन्यांत क्रिप्टो ॲपच्या जाहिराती किती लागायच्या, आठवतंय ना? मी त्याच लाटेत होते.

4. दुसरा रस्ता दिसत नाही. एमआयडीसीत कंत्राटी काम, ठरलेला पगार. एफडीचं व्याज ऐकून पोरं हसतात. घाई लालचेमुळेच असते असं नाही, परिस्थितीमुळेही असते. पुरानंतर माझी घाई तशीच होती.

5. "सरकार टॅक्स घेतं, म्हणजे मान्यता आहे." हा गैरसमज खूप आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. सुप्रीम कोर्टाने 4 मार्च 2020 ला ते परिपत्रक रद्द केलं, आणि तिथून लोकांचा धीर वाढला. पण टॅक्स लागला म्हणजे ते चलन झालं असं नाही. गल्ल्यावर कोणी बिटकॉइन दिला तर तो घ्यायला तुम्ही बांधील नाही.

मागे खेचणाऱ्या गोष्टी

टॅक्स. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के सेस. हिशोब करू. एका कॉइनमध्ये 10 हजार नफा झाला, दुसऱ्यात 10 हजार तोटा. तुम्ही म्हणाल, बरोबरी झाली. नाही! तोटा नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे कमाई शून्य आणि कर 3,120 रुपये. शिवाय 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस आला. तो रिटर्नमध्ये जमा धरता येतो, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं.

सुरक्षितता. 18 जुलै 2024 ला वझीरएक्स या मोठ्या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरचे क्रिप्टो चोरीला गेले. ग्राहकांची काही चूक नव्हती, तरी त्यांचे कॉइन वर्षभराहून जास्त अडकून पडले. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो. इथे तसं काही नाही.

फसवणूक. गेनबिटकॉइन प्रकरण आपल्या पुण्यातही गाजलं. महिन्याला 10 टक्के, तेही 18 महिने, असं आश्वासन होतं. नवीन माणसं जोडा, कमिशन घ्या. नंतर बिटकॉइनऐवजी त्यांचंच एमकॅप नावाचं कॉइन लोकांच्या हातात ठेवलं. सूत्रधार अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. लोक यात गेले कसे? वर पहिलं कारण लिहिलंय तेच: मित्राने सांगितलं. म्हणून "ठरलेला परतावा" आणि "माणसं जोडा" हे दोन शब्द एकत्र आले की उठून यायचं. फसलात तर लाजू नका, लगेच 1930 ला फोन करा.

मग त्या मुलाला काय सांगितलं?

क्रिप्टो वाढेल की पडेल, ते मला माहीत नाही. मी त्याला एकच प्रश्न विचारला, "या पैशाला तारीख आहे का?"

धंद्याच्या पैशाला तारीख असते. माल भरायची, भाडं द्यायची, हप्त्याची. बिटकॉइन नंतर पुन्हा वर गेलाही, पण माझा गणपती त्याच्यासाठी थांबला नाही. माझी चूक बिटकॉइन घेतला ही नव्हती. तारखेचा पैसा बिनतारखेच्या जागी ठेवला, ही होती.

म्हणून आज रात्री वहीत तीन रकाने करा:

- धंद्याचा पैसा: माल, भाडं, हप्ता. बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या एफडीत. याला हात नाही.
- अडचणीचा पैसा: तीन महिन्यांचा घरखर्च. सावित्रीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.
- शिकायचा पैसा: पूर्ण गेला तरी घरात भांडण होणार नाही एवढाच. क्रिप्टो करायचंच असेल तर इथून, आणि कर्ज काढून कधीच नाही.

तो मुलगा म्हणाला, "ताई, माझा तिसरा रकाना रिकामाच आहे." मी म्हटलं, "मग आधी गाडी टाक. तो रकाना गाडीच भरेल."

वही केलीत की पुढच्या बॅचला घेऊन या. हिशोब एकत्र बघू.