लातूरचे जुने स्टेशन

लातुरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हे नाव आज पत्त्यापुरते उरले आहे; त्या पत्त्यावर घर शोधणाऱ्या तरुणास येथे एके काळी आगगाडी येत असे हे मुद्दाम सांगावे लागते, आणि ते सांगताना जी व्यथा होते तीच या मागोव्याचे कारण आहे.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची अडीच फुटी मापाची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीस निघाली आणि निजामाच्या मुलखात शिरून 1911 मध्ये लातुरास पोहोचली. तिच्या पाठोपाठ 1917 मध्ये गंजगोलाई ही बाजाराची वास्तू उभी राहिली, पेठ वाढली. 1954 मध्ये कंपनी जाऊन सरकारी अंमल आला. त्या वर्षांचा तपशील दप्तरात आहे, तो तेथेच असू द्यावा.

मी अनुभवले ते सत्तरीचे दशक. बहात्तरच्या दुष्काळात जी कुटुंबे बोचकी आणि लेकरे घेऊन पुण्यामुंबईच्या आशेने या फलाटावर रात्र काढीत, आषाढीस जे वारकरी डब्यात जागा न मिळाल्याने टपावर बसून नामघोष करीत पंढरीस निघत, ज्या अडत्यांच्या आणि हमालांच्या हातांत धान्याच्या बिलट्या फिरत, त्या सर्वांचे हे स्टेशन हक्काचे होते. या गाडीस मंद म्हणून हिणवणाऱ्या प्रतिष्ठितांनी मोटारीचे भाडे न परवडणाऱ्या माणसाचा विचार कधी केला नाही, हा माझा त्यांच्यावरील आरोप आजही कायम आहे.

रुंदमापी लोहमार्ग हवाच होता. 2007 मध्ये तो आला, पुढे मुंबईची गाडीही मिळाली. परंतु स्टेशन भर वस्तीतून उचलून गावाबाहेर नेले गेले, आणि मोंढ्यातून चालत गाडी गाठणाऱ्या गरिबाच्या माथी रिक्षाचे भाडे बसले. हा अन्याय होता.

एप्रिल 2016 मध्ये तहानलेल्या लातुरास मिरजेहून पाण्याची गाडी आली, तीही पंढरपूर आणि कुर्डुवाडीवरूनच. म्हणजे बहुतांशी कॅल्थ्रॉपच्या कंपनीने आखून दिलेल्या वाटेनेच. ज्या वाटेने गाव जगविले तिचा गावास इतका विसर पडावा, हे मला सहन होत नाही.

महानगरपालिकेने जुन्या स्टेशनाच्या जागी 1911 हे साल कोरलेला एक शिलालेख तरी बसवावा; आणि ज्यांच्या घरी त्या गाडीची तिकिटे, बिलट्या वा छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत, ही माझी विनंती आहे.